न टोचणारे ओझे

दुपारचा चहा झाला की विसावा केंद्राच्या मोठ्या खोलीत जाजम अंथरले जाई आणि बायका बेदाणा निवडायला बसत. प्रत्येकीपुढे एक पसरट ताट, ताटात ओंजळभर बेदाणा. काड्या डावीकडे, काळे दाणे उजवीकडे, चांगला माल मधोमध. तासगावच्या पूर्वेकडील माळरानावर बेदाणा न निवडणारे घर सापडणे कठीण. त्यामुळे दारातून डोकावणाऱ्या परक्या माणसाला यात वावगे काही दिसले नसते. फार तर त्याने एवढेच विचारले असते की, त्या एका बाईच्या डोक्यावर राखाडी कडे कशासाठी ठेवले आहे, आणि मधूनच एखाद्या ताटाच्या काठावर तांबडा ठिपका का उजळतो.

त्या दिवशी कडे सिंधू ऐवळेच्या डोक्यावर होते.

“मावशीच्या घरी तुझं अंथरूण कुठं असायचं?” हेमलताने विचारले. तिच्यापुढेही ताट होते.

“सोप्यात, मावशीजवळ.” सिंधूची बोटे भराभर चालत होती. “हंगामात मात्र शेडवर. मावशी म्हणायची, जा की मावशाबरोबर राखणीला, माल उघड्यावर हाय.”

“शेडवर काय काय असायचं?”

“जाळ्या. जाळ्यांवर द्राक्षं. गंधकाची धुरी दिल्याली असायची, तिचा वास...”

बोटे थांबली. ताटाच्या काठावर तांबडा ठिपका उजळला. हेमलताच्या मांडीवरील काचेच्या पाटीत एक रेघ दचकल्यासारखी उसळली, आणि तिने त्या रेघेवर अंगठा टेकवला. कड्यातून आवाज झाला नाही, प्रकाश पडला नाही. केवळ सिंधूच्या कपाळावरील शीर, जी आत्ताच फुगली होती, ती हळूहळू बसली. काही वेळाने बोटे आपसूक चालू लागली.

“वास यायचा,” ती म्हणाली. “मावसा मागच्या खोलीचं दार लावून घ्यायचा. कुणाला सांगितलंस तर मावशी तुला ठेवायची न्हाई, म्हणायचा.” तिने एक काळा दाणा उचलून उजवीकडे टाकला. “लई वर्सं झाली त्याला.”

हेमलता वाघमोडे ही या केंद्रातील समुपदेशिका. मनाला झालेल्या जुन्या घावांवर उपचार करण्याचे शास्त्र ती पुण्यात शिकून आली होती. पुस्तकांत लिहिल्याप्रमाणे तिने प्रथम दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या, पंखा लावला, दार लोटून घेतले. बायका आल्या, पदर सावरून बसल्या आणि मुक्या झाल्या. शेवटी तानुआक्का नावाच्या एका वयस्क बाईने कारण सांगितले. “असं समोर बसवून विचारतात ते मुलगी बघाय आल्यावर. आमची लगीनं झाल्यात बाई. हाताला काय काम असलं तर दे, मग बोलू.” तेव्हापासून खुर्च्या गेल्या व ताटे आली. ज्या गोष्टी या स्त्रियांनी नवऱ्यास सांगितल्या नव्हत्या, देवासमोर उच्चारल्या नव्हत्या, त्या बेदाण्याच्या काड्यांबरोबर एक एक करून बाहेर पडू लागल्या.

या स्त्रिया केंद्रात कशा आल्या, तेही सांगितले पाहिजे. द्राक्षबागेत घड औषधात बुडवण्याचे काम मान वर करून व हात उंच धरून दिवसभर करावे लागते. सायंकाळी खांदा जागेवर आहे की नाही, हे चाचपून पाहावे लागते. अशा वेळी टोळीची मुकादमीण चहाबरोबर एक पांढरी गोळी देई. ती अफूच्या गुणाची होती; कुणी तसे सांगितले नाही, कुणी विचारले नाही. गोळीने खांदा निवे. परंतु काही जणींना असाही अनुभव येई की, खांद्याबरोबर छातीतली एक जुनी कळही निवते, जी कोणत्याही बागेत लागलेली नव्हती. ज्यांचा खांदाच दुखत होता त्यांची गोळी पुढे सुटली. ज्यांचे दुसरेही काही दुखत होते त्यांची सुटेना. हरळी वरून खुडावी आणि आठवड्यात पुन्हा हिरवी दिसावी, तसे ते व्यसन होते. केंद्रात त्यांना जिभेखाली विरघळणारे औषध उतरत्या मात्रेने दिले जाई. परंतु हरळीची मुळी काढायची तर त्या जुन्या घावापर्यंत खणणे भाग होते.

ते खणण्यासाठी डॉक्टर नौशाद मुजावर यांनी हे कडे आणले. त्याचे शास्त्रीय नाव ‘भयशामक वलय’. तानुआक्काने त्याला पाहताक्षणी ‘चुंबळ’ म्हटले, आणि घागरीखाली डोक्यावर ठेवायच्या चुंबळीसारखेच ते दिसत असल्याने सर्वांच्या तोंडी तेच नाव बसले.

मुजावर डॉक्टरांनी पहिल्या दिवशी गुऱ्हाळाचा दाखला देऊन सर्व समजावून सांगितले होते. आठवण ही गुळाच्या ढेपेसारखी असते. एरवी घट्ट, पण ती सांगू लागताच, ऊब लागावी तशी ती काही काळ मऊ होते आणि नंतर पुन्हा थिजते. मऊ असताना तिच्यातील खडा काढता आला, तर थिजल्यावर ती गुळगुळीत होते. मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग आहे, त्यास भयकेंद्र म्हणावे. कड्यातून निघणाऱ्या श्राव्यातीत लहरी, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू न येणारे सूक्ष्म नाद, नेमक्या त्या भागाला थोपटतात. मऊ झालेली आठवण कधी सापडेल, हे ताट सांगते, कारण ताटाच्या तळाशी स्पर्श ओळखणारा पातळ पत्रा आहे. ज्या शब्दावर हात अडखळतो, तिथे खडा आहे.

“घडलेलं सगळं आठवणार,” डॉक्टर म्हणाले होते. “फक्त टोचणार नाही.”

“चुंबळीनं ओझं कमी व्हतं व्हय?” तानुआक्काने विचारले होते. “घागर तेवढीच ऱ्हाती.” आणि तिने चुंबळ डोक्यावर घेण्यास नकार दिला. जिभेखालचे औषध घ्यायला ती रोज येई, ताटावर बसे, सर्वांची थट्टा करी. पण तिच्या औषधाची मात्रा काही उतरत नव्हती. केंद्राच्या दृष्टीने ती बरी न होणारी बाई होती.

सिंधू मात्र केंद्राचा अभिमान ठरली. वैशाखाच्या सुरुवातीस तिचे औषध पूर्ण बंद झाले. जिला गंधकाचा नुसता वास आला तरी गोळीवाचून उभे राहवत नसे, ती आता गावातल्या बेदाण्याच्या शेडवर धुरीच्या खोलीपाशी कामाला जाऊ लागली होती. तिचा नवरा ट्रकवर, महिन्यातून एकदा घरी येणारा. घरात ती आणि तिची मुलगी तेजल. आई गोळीच्या गुंगीत असताना याच मुलीने भाकरी थापल्या होत्या. आता भाकरी आई थापत होती.

एके दुपारी सिंधू पेढ्यांचा पुडा घेऊन आली. तेजल सातवी पास झाली होती. पेढे वाटून झाल्यावर ती जुन्या सवयीने ताट ओढून बसली.

“आता पुढं कुठं घालणार पोरीला?” कुणीतरी विचारले. “आपल्या गावात तर सातवीपातूरच हाय.”

“मावशीकडं ठेवती,” सिंधू म्हणाली. “हायस्कूल त्यांच्या दारातच हाय. मावशानं आपणहून सांगितलंय, खर्चाचं बघतो म्हणून. मावशीलाबी आता हाताखाली कुणीतरी पाहिजेच.”

“छान,” हेमलता म्हणाली, आणि पुढचा दाणा उचलला.

खोलीत एक तांबडा ठिपका उजळला होता. हेमलताने सवयीने सिंधूच्या ताटाकडे पाहिले. तिथे बोटे पाण्यासारखी वाहत होती. ठिपका तानुआक्काच्या ताटावर होता. तिचे दोन्ही हात बेदाण्यात रुतल्यासारखे थांबले होते.

“त्यो मेला का?” तानुआक्काने विचारले.

“कोण?”

“तुझा मावसा.”

“न्हाई की. धट्टाकट्टा हाय.”

“आणि शेड?”

“शेडबी हाय. मोठी केलीया आता.”

तानुआक्काने मान वर केली. तिची नजर प्रथम सिंधूवर, मग पेढ्यांच्या पुड्यावर आणि शेवटी हेमलताच्या तोंडावर येऊन टेकली, व तिथेच राहिली. “छान म्हणालीस व्हय गं, बाई?” ती हळूच म्हणाली.

तेव्हा हेमलताला कळले. कळले असे म्हणणेही पुरते खरे नाही. फळ्यावरचे गणित चुकले आहे हे लांब बसलेल्या मुलाला उशिरा दिसावे, तसे तिला ते दिसले. ज्या घराने सिंधूचे बालपण गिळले, त्याच घरात सिंधू आपली मुलगी ठेवायला निघाली होती. आणि हे सांगताना तिचा हात एकदाही अडखळला नव्हता.

सर्वांत वाईट गोष्ट पुढेच होती. हे ती प्रथमच सांगत नव्हती. शिमग्याच्या सुटीत तेजलला मावशीकडे चार दिवस धाडल्याचे तिने याच जाजमावर सांगितले होते, आणि हेमलता आनंदली होती. तिच्या शास्त्रात घाव बरा होण्याची एक खूण सांगितली आहे : ज्या जागा, जी माणसे, जे वास रोगी टाळत असतो, ते टाळणे थांबले की तो बरा होऊ लागला असे समजावे. सिंधूचे टाळणे थांबले होते. हेमलताने तिची पाठ थोपटली होती.

“सिंधू, थोडं बाहेर ये,” ती म्हणाली.

दोघी व्हरांड्यात लिंबाच्या सावलीला उभ्या राहिल्या. हेमलताने एक एक गोष्ट स्पष्ट शब्दांत मांडली. मावसा तोच आहे. शेड तीच आहे. तेजलचे वय तेच होऊ घातले आहे. सिंधू लक्षपूर्वक ऐकत होती, मान डोलावत होती.

“खरं हाय तुमचं, ताई,” ती म्हणाली. “माझ्या ध्यानातच आलं न्हाई बघा. म्हंजे, ध्यानात हाय सगळं. कालपरवाचं असल्यावानी आठवतंय. पर त्याचं काय वाटंनाच.”

“तुला राग येत नाही?”

सिंधूने आपल्यात डोकावून पाहिल्यासारखे केले. रिकाम्या कणगीत हात घालून तळ चाचपावा, तसे. “न्हाई,” ती म्हणाली. “तवा तापल्याला हाय हे दिसतंय, पर हात लावला तरी भाजंना, असं झालंय. तुम्ही म्हणताय तर न्हाई पाठवत.”

“मी म्हणते म्हणून?”

“मग कशासाठी?” सिंधूने सरळपणे विचारले.

हेमलताला दिसत होते की, ज्या सहजतेने सिंधूने आपले म्हणणे मान्य केले, त्याच सहजतेने ती उद्या मावशीचे म्हणणे मान्य करील. जो सांगेल त्याच्या शब्दावर ती हलणार होती. आतून धरून ठेवणारे काही तिच्यापाशी उरले नव्हते.

मुजावर डॉक्टर आपल्या खोलीत कड्यांची तपासणी करत बसले होते. हेमलताने सर्व सांगितले. ते एका कड्यावरून बोट फिरवत राहिले.

“आपण भीती काढली,” ते शेवटी म्हणाले. “भीती राखणही करत होती, हे मी लक्षात घेतलं नाही.”

“मलासुद्धा नाही आलं लक्षात, डॉक्टरसाहेब. मी छान म्हणाले.”

“तुम्हालाही येणार नाही,” डॉक्टर म्हणाले व त्यांनी मान खाली घातली.

त्याचा अर्थ हेमलताला लगेच उमगला. दुसऱ्याच्या घावांच्या कथा ऐकणाऱ्यालाही त्या टोचतात. पूर्वी ती घरी जाऊन जेवत नसे. एकदा तर सख्ख्या भावाने पाठीवर हात ठेवला तरी ती किंचाळली होती. म्हणून डॉक्टरांनीच तोडगा काढला होता : महिनाअखेरीस हेमलतानेही ताटावर बसावे, ऐकलेले सांगून टाकावे आणि चुंबळ घ्यावी. तेव्हापासून तिला गाढ झोप लागत असे. ती झोप किती महागाची होती, हे तिला आज कळत होते. मात्र त्याचे दुःख होत नव्हते.

“उलटं करता येतं?” तिने विचारले.

“येतं. वास देऊन आठवण मऊ करायची आणि लहरींचा ठेका उलटा लावायचा. यंत्रात ती सोय आहे. पण माणसावर कुणी केलेलं नाही. आणि समजा, जमलं. भीती परत आली, तर तिच्या मागोमाग गोळीची तहानही येईल. बरी झालेली बाई आपणच पुन्हा आजारी करायची?” डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “तिने स्वतः मागितलं तरच. तुम्ही सुचवायचं नाही. तुमच्या शब्दावर ती हो म्हणेल, ते तिचं हो नव्हे.”

“आणि तोपर्यंत?”

“तोपर्यंत कायदा आहे. आजच कळवू.”

त्यांनी सिंधूला विचारून कळवले. सिंधू कळवा म्हणाली. दोन दिवसांनी तालुक्याहून महिला-बालकल्याण खात्याच्या एक अधिकारी बाई आल्या. समजूतदार होत्या, पाणी प्यायल्या, सिंधूला जवळ बसवून घेतले. सिंधूने विहिरीचा पत्ता सांगावा तसे सर्व सांगितले. दाराची कडी कोणत्या बाजूला होती, तेही सांगितले. आवाज चढला नाही, डोळा ओलावला नाही. मध्येच तिने बाईंना विचारले, “चहा ठेवू का तुम्हाला?”

जाताना अधिकारी बाईंनी हेमलताला बाजूला घेतले. “माझी नोकरी अशा बायकांचं ऐकण्यात गेली,” त्या म्हणाल्या. “मी नोंद करते, चौकशी होईल. पण असं शांतपणे कुणी सांगत नाही हो. समोरचा वकील पहिल्याच दिवशी म्हणेल, पढवून आणलंय. मलाच क्षणभर तसं वाटलं.”

“तिच्यावर उपचार झालेत,” हेमलता म्हणाली.

“तेच तर. पुरावा तिच्या अंगात होता. तुम्ही तो पुसून काढलात.” त्यांनी हे रागाने म्हटले नाही.

शाळा उघडायला थोडे दिवस राहिले, तेव्हा ज्याची हेमलताला भीती वाटायला हवी होती, ते घडले. सिंधू तेजलला घेऊन केंद्रात आली. मुलीच्या खांद्याला नवी पिशवी होती.

“मावशीचा फोन आला होता,” सिंधू म्हणाली. “लई रडली. कुणीतरी चौकशीला आलं होतं म्हणं. म्हणाली, तुला मी पोटच्या पोरीवानी वागवलं आणि तू माझ्या घरावर माणसं घालतीस. मी म्हटलं, बरं पाठवती. मावसा येणार हाय आता न्यायला, इथंच या म्हणून सांगितलंय. तुमचा निरोप घ्यावा म्हटलं.”

“तू पाठवणार नाही म्हणाली होतीस.”

“व्हय की. तुम्ही म्हणाला होता म्हणून. आता मावशी म्हणाली.” सिंधूच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता, थोडा गोंधळ तेवढा होता, जसा दोन वडीलधाऱ्यांनी दोन दिशा दाखवल्यावर लहान मुलाच्या चेहऱ्यावर दिसतो.

बायका ताटांवर बसल्या होत्या. तानुआक्काने तेजलला जवळ ओढले. “ये गं, बस माझ्यापाशी. बेदाणा येतो का निवडाय, का नुसता खायाच येतो?”

“दोन्ही येतं,” तेजल म्हणाली. बायका हसल्या. तानुआक्काने तिच्यापुढे एक ताट सरकवले, दोन दाणे तिच्या तोंडात घातले, आणि मुलगी निवडू लागली. पिढीजात हात होता. काड्या डावीकडे, काळे उजवीकडे.

“मग, मावशीचं गाव आवडलं का शिमग्याला?” तानुआक्काने सहज विचारल्यासारखे विचारले.

“आवडलं. आजीनं पोळ्या केल्या होत्या. हायस्कूलला मोठं मैदान आहे.”

“आणि आजोबा?”

ठिपका उजळला.

खोलीतील प्रत्येक बाईने तो पाहिला. तेजलला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. ती आपल्या थांबलेल्या बोटांकडे पाहत होती. हेमलताच्या पाटीवर रेघ उसळून तशीच थरथरत राहिली. तिचा अंगठा सवयीने वर आला आणि तिने तो मुठीत दाबून धरला.

“आजोबा म्हणाले, चल, शेड दाखवतो,” तेजल म्हणाली. “मी गेले नाही.”

“का गं?” आता सिंधूने विचारले.

“वास येत होता. गंधकाचा.” मुलीने खांदे उडवले. “मला तो वास आला की कसंतरी होतं. लहानपणी आपण शेडवरून जायला लागलो की तू माझा हात इतका घट्ट धरायचीस, की दुखायचा. मी म्हणायचे, आई, सोड, तरी सोडायची नाहीस. त्यामुळे असेल.” तिने एक काळा दाणा उजवीकडे टाकला. “हल्ली धरत नाहीस.”

एका ताटातील बेदाण्याचा दाणा घरंगळत जाजमावर आला आणि तिथेच राहिला.

सिंधू आपला उजवा हात पाहत होती. तळवा उलटा करून, सुलटा करून, जणू दुसऱ्या कुणाचा हात तिच्या मनगटाला कुणी शिवून ठेवला होता. तिला दुःख होत नव्हते. दुःख व्हायला हवे, एवढे मात्र तिला दिसत होते. वाट अंधारात पायाला लागत नाही, पण लांबच्या दिव्यावरून ती कुठून जात असेल ते ताडता येते, तसे.

“ताई,” ती म्हणाली, “ती चुंबळ उलटी फिरती व्हय? मुजावर डॉक्टर शेजारच्या खोलीत बोलत होते तवा मी ऐकलं होतं.”

“फिरते,” हेमलता म्हणाली. डॉक्टरांनी घातलेली अट तिला आठवत होती. ती शब्द मोजून बोलली. “पण मी तुला कर म्हणणार नाही, करू नको म्हणणार नाही. परत आलं तर सगळं येईल. रात्री येईल, वासाबरोबर येईल. गोळीचीही आठवण येईल.”

“ते ठाऊक हाय.”

“तुला आता त्याची भीती वाटत नाही. म्हणून हे मागणं सोपं आहे. नंतर सोपं नसेल.”

“म्हणूनच आत्ता मागती,” सिंधू म्हणाली. “नंतर मागायचं धाडस व्हायचं न्हाई. आक्का, मी गोळी मागाय लागली तर देऊ नगा. माझा हात धरून बसा.”

“धरती की,” तानुआक्का म्हणाली. “मला कुठं जायचंय? मी तर नापास बाई इथली.”

मुजावर डॉक्टर आले. त्यांनी सिंधूला तोच प्रश्न तीन प्रकारे विचारला, आणि तिन्ही वेळा तिने हेमलताकडे न पाहता उत्तर दिले. तेजलला त्यांनी व्हरांड्यात बसवले. फाटकाशी एक गाडी येऊन थांबल्याचा आवाज झाला आणि कुणीतरी भोंगा वाजवला, मोकळ्या मनाच्या पाहुण्यासारखा, दोनदा.

हेमलताने सिंधूच्या डोक्यावर चुंबळ ठेवली. पुढे ताट ठेवले. एका मातीच्या पणतीत डॉक्टरांनी चिमूटभर गंधक घातले होते. काडी ओढून ती पणतीपाशी नेताना हेमलताने स्वतःच्या हाताकडे पाहिले.

एका बाईला ती तिचा नरक परत देत होती. फाटकाशी तो माणूस उभा होता, आणि त्याच्या वाटेवर एक मूल बसले होते. काडीची ज्योत मात्र सरळ होती. जरासुद्धा हलत नव्हती. अशी ज्योत सरळ ठेवणारे हात या माळावर आणखी किती घरांत असतील, त्या घरांतून किती मुली पिशवी खांद्याला लावून कुणाकुणाच्या दारी निघाल्या असतील, आणि त्यांच्या आयांना आपण बऱ्या झालो म्हणून पेढे वाटावेसे वाटले असतील काय?

गंधकाने पेट घेतला. निळसर ज्वाळा वर आली, वास पसरला. सिंधूची बोटे बेदाण्यातून चालत होती, चालत होती.

हेमलताने पाटी मांडीवर घेतली आणि पहिल्यांदाच मनोमन प्रार्थना केली की, हा हात अडखळू दे. मग तिला वाटले, सिंधूनंतर हे कडे आपल्याही डोक्यावर उलटे ठेवायला सांगावे. तेवढे धाडस, न भिणाऱ्या माणसाजवळ असते का?